डाव्या बाजूचा आरसा

आमच्या घरात बाबांच्या टेबलाला कुणी हात लावत नाही. आई फडका घेऊन पुसत पुसत येते, त्या टेबलापाशी पोचली की फडका खांद्यावर टाकते आणि वळसा घालून पुढे जाते. "सवतीच्या वाटेला मी जात नाही," म्हणते.

बाबांनी तीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये गाड्यांना रंग मारला. घरी येऊन हात धुतले की ते छोट्या गाड्या करायला बसत. खऱ्या गाडीच्या बरोबर चोविसाव्या हिश्श्याच्या. आईला ते प्रमाण तोंडपाठ आहे. "तुमचा रागही चोवीसास एक असता तर संसार सुखाचा झाला असता," असं ती म्हणते तेव्हा बाबा भिंगावरची नजर न काढता हसतात.

भिंतीवरच्या काचेच्या कपाटात अशा अकरा गाड्या आहेत. बारावी जागा त्यांनी आमच्या स्वतःच्या गाडीसाठी मोकळी ठेवली होती. सायीच्या रंगाची, चार दारांची. मला नोकरी लागली त्या वर्षी ती आम्ही विकली. तिचे तयार सुटे भाग कुठे मिळत नाहीत. म्हणून बाबांनी दुसऱ्याच एका गाडीचा सांगाडा घेतला, प्लास्टिकचे पत्रे कापून, घासून त्याचा आकार बदलला आणि दोन वर्षांत ती उभी केली. मी गाडी शिकत असताना मागचं डावं दार फाटकाला घासून त्याला पोचा पडला होता. तो पोचा वीतभर होता. बाबांनी तापवलेल्या सुईच्या बुडाने आठ मिलिमीटरचा पोचा पाडला.

"तेवढं कशाला दाखवायचं?" मी विचारलं.

"गाडीला होता ना? मग."

त्यानंतर त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. आधी अंगठा, मग पंजा. डॉक्टर म्हणाले, कमी करता येईल, थांबवता येणार नाही. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा कपडेही न बदलता टेबलाशी बसले आणि काय राहिलंय ते मोजलं. दोन वायपर, नंबराच्या दोन पाट्या, दोन आरसे.

"एवढी माझ्या हातून होऊ दे," ते आईला म्हणाले. "मग हात गेले तरी चालतील."

"मला नाही चालणार. भरवत बसायला मला वेळ नाही," आई म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

वायपरना तीन आठवडे लागले. पाट्या लागल्या. उजवा आरसा लागला. डावा मात्र वाकडा बसला. पाच मिलिमीटरचा आरसा, पण खाली झुकलेला, शरमल्यासारखा रस्त्याकडे बघणारा. बाबांनी तो काढला, पुन्हा लावला. सलग चार दिवस. पाचव्या दिवशी त्यांनी गाडीवर प्लास्टिकचा पारदर्शक डबा उपडा घातला आणि हात मांडीवर ठेवून नुसते बसले.

"राहू द्यायचा का आता तसाच?" मी म्हटलं.

"वाकडा आरसा लावून मी कुणाची गाडी वर्कशॉपबाहेर सोडली नाही. आपलीच सोडू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी रजेवर होते. माझे हात बाबांचेच आहेत, फक्त ते थरथरत नाहीत. मी टेबलाशी बसले. आरसा चिमट्याने अलगद सुटा केला, जुना गोंद खरवडला. बाबांचा गोंद सुकायला वीस मिनिटं घेतो आणि तोवर हात स्थिर लागतो. मला कुणी यायच्या आत संपवायचं होतं, म्हणून मी माझ्या कपाटातला झटपट चिकटणारा गोंद आणला. पहिल्यांदा जास्त पडला, तो पुसला, पुन्हा लावला. आरसा सरळ बसला. डब्यावर धूळ दिसली म्हणून डबा धुतला, घाईघाईत पुसला आणि गाडीवर घातला. बाबांना वाटेल, आपणच शेवटी नीट लावला होता. तेव्हा लक्षात आलं नसेल. असं मी खरोखर समजून चालले होते.

मी एका प्रयोगशाळेत काम करते. गुन्ह्याच्या जागेवरून आलेल्या वस्तूंवर बोटांचे ठसे असतात, पण दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून आम्ही ती वस्तू बंद पेटीत ठेवतो, हवा दमट करतो आणि हाच गोंद तापवून त्याची वाफ सोडतो. वाफ ठशांवर जाऊन बसते आणि घट्ट पांढरी होते. हे काम मी नऊ वर्षं करते आहे. गोंद थंड असला तरी वाफ निघते, फक्त हळू. त्या दुपारी मी एक बंद डबा, भरपूर गोंद आणि पाण्याचा ओलावा स्वतःच्या हाताने एकत्र आणला आणि चहा ठेवायला गेले.

सकाळी बाबांनी डबा उचलला. मी शेजारीच उभी होते.

गाडीच्या काचा दुधाळ झाल्या होत्या. टपावर, दारांवर, बॉनेटवर पांढरे ठसे उठले होते. डाव्या आरशापाशी एकावर एक नऊ ठसे मला वेगळे काढता आले. प्रत्येक ठसा दुहेरी होता. बोट टेकलेलं, घसरलेलं, पुन्हा टेकलेलं. ते चार दिवस तिथे लिहिल्यासारखे होते आणि मला ते वाचता येत होते. वाचायचं नाही म्हटलं तरी.

बाबांनी भिंग घेतलं. आधी आरसा बघितला. मग बॉनेट.

"हा अंगठा माझा नाही," ते म्हणाले. "माझा आता इतका स्वच्छ उमटत नाही."

"बाबा, मी फक्त..."

"काचा बसवल्यावर हा गोंद वापरायचा नाही, हे तुला मी सांगितलं होतं. तू दहावीत असशील."

"सांगितलं होतं."

"आणि पगार कशाचा घेतेस तू?"

यावर आई हसली असती. ती दारात उभी होती, पण हसली नाही.

मला उपाय माहीत होते, आणि तेच वाईट होतं. एका द्रावणाने हे पांढरं निघतं, पण काचा प्लास्टिकच्या आहेत, त्याही विरघळतील. राहिला एकच मार्ग. काचा सोडवायच्या, बारीक पेस्ट लावून कापसाच्या काडीने तासन्‌तास घासायचं, पुन्हा बसवायच्या. त्याला काय लागतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"मी करते," मी म्हणाले.

"तू बस तिकडे."

मी बसले. रोज संध्याकाळी कामावरून आले की समोरच्या खुर्चीत, हात मांडीखाली दाबून बसायचे. बाबा मनगट टेबलाच्या कडेला टेकवून टपावरून काडी फिरवायचे. काडी निसटायची, रंगावर ओरखडा उठायचा. ते थांबायचे, श्वास सोडायचे, पुन्हा सुरू करायचे. आई मध्येच येऊन म्हणायची, "अहो, गोळी घेतलीत का?" ते मान हलवायचे. घेतलेली असायची. गोळीने जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं.

सव्वीस दिवसांत अर्धा टप आणि एक दार स्वच्छ झालं. सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी पुढची काच सोडवायला घेतली आणि कटरचं पातं घसरून वायपर तुटला. तीन आठवडे घेऊन लावलेला. तो जमिनीवर पडला, बाबा खाली वाकले, त्यांना उचलता येईना. मी उठले नाही. उठायचं नाही एवढंच मला त्या महिन्यात शिकता आलं होतं.

ते सरळ बसले आणि गाडी माझ्याकडे सरकवली.

"घे. कर."

"आपण उद्या..."

"कर म्हटलं ना."

मला दोन संध्याकाळी लागल्या. काचा निघाल्या, लख्ख झाल्या, बसल्या. दिव्याखाली फिरवून पाहिल्यावर टपावरचे ओरखडेही गेलेले दिसले. वायपर जोडला. बॉनेटवरचा माझा अंगठा पुसला, आरशापाशी राहिलेले बाबांचे ठसेही पुसले, कारण ते न पुसता दार साफ होत नव्हतं. बाबा दोन्ही दिवस आईबरोबर पलीकडच्या खोलीत बातम्या बघत होते. आवाज मोठा होता.

गाडी मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, पोच्यावरून अंगठा फिरवला, डाव्या आरशाकडे डोळा बारीक करून पाहिलं. त्यांच्या हातात गाडीची चाकं बारीक खडखडत होती.

"छान झाली आहे," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. ती खरंच छान झाली होती.

मी कपाटाचं दार उघडलं.

"तिथे नको," बाबा म्हणाले. "ही तुझी आहे. तुझ्या खोलीत ठेव."

मग त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला आणि आईला हाक मारून सांगितलं, की उद्यापासून इथलंही पुसत जा.