संध्याकाळचा मोगरा

"अहो मॅडम, मी फूल मागितलं होतं. तुम्ही फुलाचं सर्टिफिकेट आणलंत," माधवराव म्हणाले आणि वासाची कागदी पट्टी त्यांनी टेबलावर टाकली.

प्रियदर्शनीचा हा सहावा नमुना. माधवरावांचा कात्रजला उदबत्त्यांचा कारखाना होता. आता आयटीत नोकरी करणाऱ्या मुलींसाठी त्यांना मोगऱ्याचं परफ्यूम काढायचं होतं.

"शनिवारपर्यंत जमलं तर तुम्ही. नाहीतर मुंबईचा माणूस तयार आहे."

तिची बिनपगारी रजा रविवारी संपत होती. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिने गोळ्यांमधली अशुद्धी शोधली होती. हे काम हुकलं की पुन्हा तेच, थेट निवृत्तीपर्यंत.

सदाशिव पेठेतल्या घरी येऊन तिने सूत्र पुन्हा तपासलं. खऱ्या मोगऱ्यातले सगळे मुख्य घटक तिने घेतले होते. फक्त इंडोल नव्हता. नुसता हुंगला तर डांबरगोळ्यांसारखा, कुजकट. जुन्या सवयीने तिने तो पहिल्याच दिवशी वगळला होता.

संध्याकाळी तिची आई, कौशल्याबाई, बुद्धमूर्तीपुढची सकाळची फुलं उचलू लागली.

"आई, थांब. जरा बघू."

"काय बघायचंय? कोमेजलीत ती."

पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. प्रियदर्शनीने ताटली नाकाशी नेली. वास गोड होता, दाट होता, आणि तळाशी किंचित कुजका.

"सकाळी एवढा नव्हता गं."

"नसतोच. कोमेजताना फूल सगळं देऊन टाकतं. हे फूल कोमेजेल तसं शरीरही, असं लहानपणापासून वंदनेत म्हणतेस. पाठांतर चांगलं आहे हो तुझं!"

प्रियदर्शनी तशीच उठून टेबलाशी गेली. तिने इंडोल स्पिरिटमध्ये विरघळवून अगदी पातळ केला. तीन थेंबांनी मोगऱ्याला डांबरगोळ्या घातलेल्या जुन्या ट्रंकेचा वास आला. दोन थेंबही जास्तच. एक थेंब घालून तिने मिश्रण या वेळी कागदावर नाही, मनगटावर लावलं आणि तासभर थांबली. मग मनगट आईपुढे धरलं. आईने वाकून वास घेतला आणि परत दुसऱ्यांदा वाकली.

शनिवारी माधवरावांनी पट्टी हुंगली, खाली ठेवली, परत उचलली.

"यात काहीतरी वाईट घातलंयत तुम्ही."

"हो. अगदी थोडं."

"काय आहे ते?"

"नुसतं हुंगलंत तर मला हाकलून द्याल."

पट्टी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. "पन्नास लिटर करा. पण प्रत्येक बाटलीत हाच वास पाहिजे. कणभर इकडेतिकडे झालेलं चालणार नाही."

प्रियदर्शनीला हसू आलं. अकरा वर्षं तिने दुसरं केलं तरी काय होतं?

"ते माझ्यावर सोडा," ती म्हणाली. "आणि एक फोन करू का? सोमवारी मी येत नाही, हे आमच्या साहेबांना कळवायचंय."