सतरावं कार्ड

कार्डं चोवीस होती आणि प्रत्येकावर एकेका माणसाचा चेहरा. तुरुंगाच्या मनोरुग्ण बराकीत दर मंगळवारी समुपदेशक मॅडम यायच्या आणि ती एकेक करून मास्तरसमोर धरायच्या. या माणसाला काय वाटतंय, ते ओळखायचं. सुटका ठरवणाऱ्या समितीसमोर अठरा बरोबर आली की तिच्या कागदावर ‘इतरांच्या भावनांची जाणीव आहे’ असं लिहिलं जाणार. त्याच्या जोडीला थोरल्या बहिणीची, ताईची हमी मिळाली, की अकरा वर्षं आत काढलेला मास्तर घरी. माणसाचं काळीज मोजायला चोवीस पुठ्ठे पुरतात, हा शोध कुणी लावला देव जाणे.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. सगळी बराक त्याला याच नावानं ओळखायची. चेहरेही तो मापानंच शिकला. ओठाचं टोक खाली असलं की दुःख. डोळ्याच्या कडेला चुण्या पडल्या की खरं हसू, नाहीतर वरवरचं. शेजारच्या पथारीवरचा कैदी दिवसभर बडबडायचा, म्हणून त्याचं नाव रेडिओ. तो म्हणायचा, “चेहरे वाचतोयस की शर्टाचं माप घेतोयस?” पण मापानं का होईना, बावीस-तेवीस बरोबर यायला लागली.

घोडं पेंड खायचं ते सतराव्यापाशी. त्या कार्डावर एक बाई होती. डोळे मोठे, भुवया वर. मास्तर दर वेळी म्हणायचा, “आश्चर्य.”

“नाही हो, भीती,” मॅडम न कंटाळता सांगायच्या. “आश्चर्यात भुवया नुसत्या वर जातात. भीतीत त्या वर जाऊन एकमेकींकडे ओढल्या जातात. मधे बघा.”

मास्तर मधे बघायचा. त्याला काही दिसायचं नाही. उलट नजर आपोआप कार्डावरून खाली सरकायची.

कारण हा चेहरा त्यानं एकदा जवळून पाहिला होता. आजार भरात असताना त्याच्या डोक्यानं घेतलं होतं, की घरात वावरते ती आई नव्हे, आईचं सोंग घेतलेली दुसरीच कुणीतरी आहे. कापड बेतायची मोठी कात्री हातात घेऊन तो समोर उभा राहिला, तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या. त्याला वाटलं, पकडली गेली म्हणून चकित झाली. पुढचं सगळं त्या एका समजुतीवर घडलं. आता गोळ्यांनी डोकं ताळ्यावर होतं, आणि ताळ्यावर आलेल्या डोक्याला हे रोज आठवायचं. त्यापेक्षा वेड बरं, असं त्याला पुष्कळदा वाटे.

समितीच्या दिवशी अधीक्षकांच्या शेजारच्या खोलीत तीन साहेब बसले होते. बशीतली बिस्किटं आधीच संपली होती. ताई भिंतीजवळच्या खुर्चीत होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. अकरा वर्षांत तिनं एकही भेट चुकवली नव्हती. जगात मास्तरला आपलं म्हणायला तीच उरली होती.

“तुम्ही यांना घरी न्यायला तयार आहात?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो साहेब. भाऊ आहे माझा. माझ्याशिवाय कोण आहे त्याला?”

आवाज खणखणीत होता. मास्तरला भरून आलं.

“घरी कोण कोण असतं?”

“मी आणि मुलगी. नऊ वर्षांची आहे.”

बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं, हा मॅडमनी शिकवलेला पहिला नियम. मास्तरनं बघितलं. ताई हसत होती, पण तिच्या भुवया वर गेल्या होत्या, आणि मधे, नाकाच्या वर, एकमेकींकडे ओढल्या गेल्या होत्या.

सतरावं कार्ड.

 ताई नाही म्हणणार नव्हती. मेली असती तरी म्हणाली नसती. आणि आपणच उठून सांगितलं, साहेब, हिला माझी भीती वाटते, तर? ती शपथेवर नाकारेल, समिती म्हणेल, वा, केवढी ही समज, आणि संध्याकाळच्या आत सुटकेच्या कागदावर सही होईल. मग ती बिचारी रोज कात्र्या-सुऱ्या लपवत आणि मुलीच्या खोलीला कडी घालत जगेल.

मॅडमनी पहिलं कार्ड धरलं. रडणारा म्हातारा.

“हसतोय,” मास्तर म्हणाला.

दुसरं. खळखळून हसणारी पोरगी.

“रागावलीय.”

मॅडमचा हात थांबला. “नीट बघा, मास्तर. घाई नाही.”

तो नीट बघत होता. चोवीसच्या चोवीस चुकवायची म्हणजे चोवीसही आधी ओळखावी लागतात. सतरावं आलं तेव्हा त्यानं भुवयांच्या मधे बघितलं. सगळं स्वच्छ दिसलं.

“आश्चर्य,” तो म्हणाला.

“साहेब, मागच्या मंगळवारी तेवीस आली होती हो!” मॅडमचा आवाज कापला.

“पाठांतर असणार,” अध्यक्ष म्हणाले आणि कारकुनाला सांगू लागले, “लिहा. इतरांच्या भावनांची कसलीही जाणीव नाही. फेरविचार पाच वर्षांनी.”

ताईचं कपाळ सैल झालं. खांदे खाली आले. मग आपल्याला हायसं वाटलं हे तिचं तिलाच कळलं असावं, कारण ती पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली.

“बाळा, मी तयार होते रे. खरंच तयार होते.”

“माहितीये ताई,” तो म्हणाला. “मुलीला सांभाळ.”

पुढच्या भेटीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मास्तर बराकीत परतला, तर रेडिओ वाटच बघत होता.

“किती आली रे?”

“एकही नाही.”

“एकही नाही? अरे, तुला तर एक सतरावं सोडलं तर सगळी यायची!”

मास्तर पथारीवर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

“सतरावंच आलं,” तो म्हणाला. “अकरा वर्षं उशिरा आलं.”