साडीतली खोट

लिलाव संपल्याचं मोबाइलवर आलं तेव्हा हर्षा पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानंच तिनं मोबाइल उचलला, आणि आंधळगावच्या त्या घरात एकच गलका झाला. तिच्या सासऱ्यांनी, कृष्णरावांनी, विणलेली कोशाच्या रेशमाची करवतकाठी साडी ऑनलाइन लिलावात गेली होती, आणि गावात येणारा व्यापारी जी किंमत टेकवतो तिच्या कितीतरी वर. घेणारा नागपूरचा होता, प्रफुल्ल नावाचा. कृष्णरावांनी आनंद फारसा दाखवला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण त्याच दुपारी ते मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवायला बसले आणि सुनेला म्हणाले, पुढच्या साडीचा काठ याहून बारीक काढतो.

हर्षाला आणखी काय हवं होतं? माग बंद करायचा, असं म्हातारा कधीपासून म्हणत होता. लिलावाचं खूळ तिचंच. ती भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानात वाढलेली, गिऱ्हाईक तिच्या रक्तातच होतं. तिनं साडीचे फोटो असे काढले की मोठे करून पाहिले तर धागा न् धागा मोजता यावा. ते तिनं सासऱ्यांना कौतुकानं दाखवलेही होते.

पण बोली जिंकली आणि प्रफुल्लरावांनी तोंडाला कुलूप लावलं. पैसे नाहीत, निरोप नाही. हर्षानं गोड शब्दांत आठवण दिली. मग जरा कमी गोड शब्दांत दिली. निरोप वाचल्याच्या खुणा येत, उत्तर येत नसे. फोन केला तर वाजून वाजून बंद. अशा माणसाला बोली लावायला कोणी बोलावलं होतं, कोण जाणे! लिलावात शेवटपर्यंत टिकून असलेली पुण्याची एक बाई मात्र अजूनही साडी घ्यायला तयार होती. नागपूरकराविरुद्ध तक्रार नोंदवायची, सौदा मोडायचा आणि साडी पुण्याला पाठवायची, इतकं सोपं काम होतं. हर्षानं तक्रार लिहूनही ठेवली. तीत दोन-चार शब्द असे होते की वाचणाऱ्याचे कान तापावेत.

जेवताना तिनं हे सांगितलं आणि कृष्णरावांचा घास हातात राहिला.

"थांब पोरी," ते म्हणाले. "त्यानं काहून नाही घेतली, ते आधी समजू दे. खोटीचा माल दुसऱ्याच्या पदरात घालाचा नाही."

हर्षाला हसावं की रडावं कळेना. साडी घराबाहेर गेलीच नाही, तर खोट कशी दिसली, असं तिनं विचारलं. "फोटोत दिसली असंल. तूच तं म्हणत होती, धागा न् धागा दिसते," ते म्हणाले.

तिच्या माहेरी गिऱ्हाईक भांडं परत आणायचं ते भांडत, अख्ख्या बाजाराला ऐकवत. इथली रीत वेगळी होती. जुना व्यापारी भैय्यालाल शेठ कापड न्यायचा, आणि एखादं नापसंत पडलं तर त्याचा माणूस घडी घातलेलं कापड मुकाट्यानं ओट्यावर ठेवून जायचा. का परत आलं ते शेठ सांगायचा नाही आणि विणकर विचारायचा नाही. विचारणं म्हणजे आपल्या कामातली चूक आपल्याला दिसत नाही अशी कबुली. कृष्णराव असं कापड अंगणात पसरायचे आणि खोट सापडेपर्यंत उठायचे नाहीत. शेठ केव्हाच गेला, पण ती खोड काही गेली नव्हती. गिऱ्हाईक गप्प, म्हणजे मालात काहीतरी आहे.

म्हणून साडी अंगणात पसरली गेली. कृष्णराव उन्हात बसून इंच इंच बोटं फिरवू लागले. रोज तेच. खोट सापडली असती तर बरं झालं असतं. ती सापडेना, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आता आपले डोळे गेले. ताणा अर्धा चढवलेला तसाच राहिला. एका सकाळी त्यांनी मुलाला, योगेंद्रला, सांगितलं की माग घेणारं कोणी असलं तर पाहा. योगेंद्रनं बायकोकडे पाहिलं, आणि हर्षाला वाटलं, हे घर आपणच बुडवलं.

निर्मलाबाई, हर्षाच्या सासूबाई, एवढ्या दिवसांत चकार शब्द बोलल्या नव्हत्या. उभा जन्म त्यांनी नवऱ्याच्या मागासाठी धाग्याच्या कांड्या भरल्या. मोबाइल त्यांच्याकडे होता तो बटणांचा, भावाची खुशाली विचारण्यापुरता. त्या दिवशी तो घेऊन त्या सुनेसमोर आल्या आणि नागपूरच्या माणसाचा नंबर लावून दे म्हणाल्या. मोठ्यानं बोलायचं बटण दाबायलाही सांगितलं. हर्षानं नंबर लावला आणि बाहेर चला अशी खूण केली, कारण कृष्णराव तिथेच मागाजवळ बसलेले. निर्मलाबाईंनी खूण पाहिली आणि नवऱ्याशेजारीच बसकण मारली.

अनोळखी नंबर म्हणून की काय, पलीकडून फोन उचलला गेला.

"प्रफुल्लभाऊ का? मी आंधळगाववरून बोलून राहिली, साडीवाल्या घरची. फोन नका ठेवू. मले पैसे नाही मागाचे. एवढंच सांगा, साडीत तुमाले खोट काय दिसली?"

समोरचा आता स्वतःला वाचवायला काहीही बोलेल. काठ वाकडा आहे म्हणेल, रंग फिका म्हणेल, आणि म्हातारा ते खरं धरून मागावरून कायमचा उठेल. हर्षानं फोनचा आवाज बंद करायला हात पुढे केला. सासूबाईंनी शांतपणे फोन या हातातून त्या हातात घेतला.

मग तो माणूस बोलू लागला, आणि त्याचा आवाज हर्षाला वाटला होता त्याहून तरुण आणि पडेल होता. बायकोला भेट द्यायची म्हणून तो बोलीत उतरला. समोर दुसरं कोणी तरी हटेना, म्हणून हाही हटेना. जिंकल्यावर पाहिलं तर आकडा त्याच्या ऐपतीबाहेरचा. सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प बसला.

"बोली सोडाचीच होती, काकू," तो म्हणाला. "पण फोटो उघडला का तो काठ दिसे, न् बोट पुन्हा चाले. साडीले नाव नका ठेवू."

"मी कायले ठेवू? पण हे पहिल्याच दिवशी सांगतलं असतं, तं माह्या घरचा माणूस इतके दिवस उन्हात नसता बसला."

त्या माणसानं माफी मागितली, तीही तुटक तुटक. कृष्णरावांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"कोणता काठ म्हणता?"

"पदराजवळचा. जिथं करवतीचे दाते बारीक बारीक होत जाते, तो."

"आता बायकोले विचारून बोली लावत जा गा," एवढं म्हणून कृष्णरावांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि अंगणातली साडी स्वतः उचलून आणली. घडी घातली. पुण्याच्या बाईला उद्याच पाठव, असं सुनेला सांगून ते अर्धवट ताण्याकडे वळले.

हर्षाला ती झणझणीत तक्रार पाठवायचीच होती. निर्मलाबाईंनी नको म्हटलं. तो बोलला ना, मग त्याच्या नावावर काळं कशाला, असं त्यांचं म्हणणं. हर्षानं जड मनानं सगळे शब्द पुसले आणि दोघांच्या संमतीनं सौदा मोडला, एवढंच नोंदवलं. सासूबाईंविषयी तिला इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता, पण त्या फोनची भीती अजून ओसरली नव्हती.

"आत्याबाई," तिनं सासूबाईंना हळूच विचारलं, "अन् त्यानं खोट काढली असती तं?"

"तं कुठी आहे ते विचारलं असतं, अन् यायनं ते सुधरवलं असतं. यायले खोटीचा भेव नाही वं. सारा जन्म माल वापस आला, पण काहून आला, हे एकानं तोंडानं सांगतलं नाही. एकदा तरी कोणी सांगावं, असं मले लय वाटे."

आणि त्यांनी कांड्या भरायचा चरखा पुढे ओढला.