रिकाम्या डोणीची हाक

सुट्टी लागल्यापासून शिवकन्या घरात म्हणून ठरत नव्हती. सकाळी भाकरीचा तुकडा हातात घेऊनच ती बाहेर पडायची, आणि तिच्या मागोमाग सिरसाळ्याहून आलेली तिची मावसभावंडं, बबिता आणि सुरज. सिरसाळ्याकडं सगळी सपाट काळी रानं. इथं घराच्या पाठीशीच डोंगर उभा आहे आणि वाटेल तेव्हा त्याच्यावर चढता येतं, याचंच त्या दोघांना अप्रूप.

लिंबागणेशपासून थोडं आत, बालाघाटाच्या एका सोंडेखाली शेळ्या राखणाऱ्यांची ही वस्ती. चार घरं, काट्यांचे वाडे, एक बोअर, आणि बोअरपाशी दगडाची लांबट डोणी, जनावरांना पाणी पाजायची. वर डोंगरावर उन्हाळ्यात गवत नावालाच उरतं, पण पोरांना काही कमी पडत नाही. टेंभुर्णीची पिवळी फळं, टेंभरं, दाताला चिकटेपर्यंत खायची. ऊन चढलं की कपारीत शिरून गार दगडाला पाठ लावायची. आणि उतारावरचं वाळकं गवत असं निसरडं झालेलं असतं की शिंदीच्या झावळीवर बसावं, मागून कुणीतरी रेटावं, की माणूस थेट खालच्या बांधावर. सुरजची चड्डी दुसऱ्याच दिवशी मागून गेली.

सुरजला कुठलीच गोष्ट पुरत नसे. टेंभरं खाताना त्याला कपारीत जायचं असे, कपारीत बसलं की घसरायचं असे. "आता काय करायचं?" हे त्याचं पालुपद.

"आता गप बसायचं," बबिता म्हणायची. ती दोघांपेक्षा मोठी, आठवीत गेलेली.

शिवकन्येला मात्र त्याची घाई आवडायची, कारण तिच्याही पोटात एक घाई होतीच. मृगाच्या आधी तिचा बाप, बजरंग, दरवर्षी शेळ्या घेऊन डोंगरावरच्या माळावर मुक्कामाला जात असे. वर झाडांना कोवळा पाला असतो, एक झरा असतो, निजायला उघडं आभाळ असतं. यंदा पहिल्यांदा त्यानं पोरांना न्यायचं कबूल केलं होतं.

"तिघंबी चला," तो म्हणाला होता. "पन शिवे, पान्याला हाक तू द्यायची. मी फांद्या तोडायला लांब गेलेला आसतो. शेळ्या येळंवर झऱ्यावर गोळा झाल्या न्हाईत तर घळीत शिरत्यात, आन घळीत लांडगं हायती."

"देते की आबा," शिवकन्या म्हणाली होती. दोन उन्हाळे झाले, दुपारची पाण्याची हाक घरी तीच देत होती. डोणी काठोकाठ भरायची, मग डोंगराकडं तोंड करून एकदाच ओरडायचं, "यूऽऽ हुर्रर्र." वर कुठं कुठं पांगलेल्या शेळ्या माना वर करायच्या आणि धूळ उडवत खाली यायच्या. पाणी नसताना ही हाक द्यायची नसते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चुलीत पाय घालायचा नसतो हे कुठं कुणी शिकवतं?

घोटाळा झाला तो आई-आबा आष्टीला लग्नाला गेले तेव्हा. शेळ्या शेजारच्या परमेश्वरवर सोपवल्या होत्या, आणि परमेश्वर लिंबाखाली मोबाइल बघत आडवा झाला होता. पोरं दऱ्याच्या तोंडाशी उभी राहून समोरच्या कड्याला आवाज देत होती. कडा प्रत्येक शब्द परत करायचा.

"सुरजला गणित येत न्हाईऽऽ," बबिता ओरडली.

"येत न्हाईऽऽ," कडा म्हणाला.

"बघ, डोंगराला बी म्हाईत हाय."

सुरज चिडला. मग त्याचं लक्ष वरच्या शेळ्यांकडं गेलं. "शिवे, ती हाक दे की. डोंगर कसा म्हनतो बघू."

शिवकन्येनं एक क्षण डोणीकडं पाहिलं. मग तोंडाभोवती हात धरले आणि हाक दिली. कड्यानं ती दुप्पट करून फेकली. वरचा सगळा उतार हलला. घंटा वाजल्या, खडे घरंगळले, आणि शेळ्या धावत खाली आल्या. काही इकडं, काही कड्याकडं, मग गोंधळून परत डोणीकडं. पोरं पोट धरून हसली. डोणीत बाभळीच्या वाळक्या शेंगा होत्या आणि तळाला पांढरा थर. शेळ्यांनी दगड चाटला, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि उन्हातच पुन्हा डोंगर चढू लागल्या.

"परत एकदा," सुरज म्हणाला.

तिनं परत दिली. दुसऱ्या दिवशीही दिली, आणि तेव्हा सुरजला सांगावंही लागलं नाही. आपल्या एका आवाजानं डोंगर हलतो, हे तिला गोड लागलं होतं.

आई-आबा परत आले त्या दुपारी तिनं डोणी भरली आणि हाक दिली. शेळ्यांनी माना वर केल्या. पुढारी शेळी भुरी, गळ्यात मोठी घंटा असलेली, क्षणभर खाली पाहून पुन्हा बोराटीत तोंड घालून बसली. बाकीच्या भुरीकडं बघत होत्या. शिवकन्येनं पुन्हा हाक दिली. मग पुन्हा, आणखी मोठ्यानं. शेवटी आवाज फाटला.

"काय झालं गं?" बजरंग बाजेवरून उठून आला.

"आमी खेळत हुतो," सुरज म्हणाला आणि बबितानं त्याला कोपरानं ढोसलं, पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

बजरंगनं आधी भरलेल्या डोणीकडं पाहिलं, मग लेकीकडं. तोंडाला हात न लावताच त्यानं तीच हाक दिली. शेळ्या धावत आल्या. शिवकन्येच्या अगदी अंगावरून, तिला घासून गेल्या.

"यंदा ऱ्हाऊ दे मग," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "सोमवारी माळावर मी आन परमेश्वर जातो."

त्यानंतर तिला एका जागी उभं राहवेना. बाभळीवर चढून तिनं हाक दिली. बापासारखा जाड आवाज काढून दिली. सुरजनं ज्वारीचे दाणे डब्यात घालून खुळखुळवले, तर शेळ्या आल्या, दाणे खाल्ले, आणि ती हाक द्यायच्या आत निघून गेल्या. ती त्यांच्या मागं पळत चढली, तशा त्या आणखी वर सरकल्या. टेंभरं आता गोड लागत नव्हती. झावळीवर बसली तरी मध्येच पाय टेकवून ती उठायची आणि डोंगराकडं बघायची.

"तू शेळी आसतीस तर तू आली आसतीस का?" बबितानं विचारलं.

 शिवकन्या उठून आजीकडं गेली. रतनबाई ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"आजी, मी परत कवा हाक देऊ?"

"मला कावून इचारतीस? त्यास्नी इचार."

"शेळ्या बोलत्यात व्हय?"

"काल डब्याला बोलल्या की." आजीनं तेलाचा हात पदराला पुसला. "आजपास्नं डोणी तू भर. हाक मी देते. तू तोंड उघडायचं न्हाई."

"मंग त्या माजं कशा ऐकतेल?"

"भर तर आधी."

शिवकन्येनं आधी शेंगा काढल्या, थर खरवडला, मग बोअरची नळी सोडली. आजी काठी टेकत यायची, पाणी काठाला लागलं की एकदा हाक द्यायची आणि डोंगराकडं पाठ करून दगडावर बसायची. शेळ्या यायच्या. शिवकन्या डोणीच्या डोक्याशी उभी. तिला प्रत्येकीला नावानं बोलवावंसं वाटे, शिंग धरून पाण्यापाशी न्यावंसं वाटे. ती ओठ दाबून धरायची. पहिल्या दिवशी शेळ्या ती उभी होती ती बाजू सोडून प्यायल्या. मग एक पाट, अजून न व्यालेली कोवळी शेळी, तिच्या पायाशी आली. भुरी रोज पलीकडच्या टोकालाच.

आणि सोमवार जवळ येत चालला. वर न्यायचं सामान परमेश्वरनं आणून ओसरीत टाकलं. त्या गाठोड्याला वळसा घालून जाताना शिवकन्या त्याच्याकडं पाहत नसे.

रविवारी दुपारी आजी जागची हलली नाही. "माजा घसा बसलाय," ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली.

 शिवकन्येनं डोणी भरली. काठावरून पाणी सांडून मातीत गेलं तेव्हा नळी बंद केली. बाजेवर बजरंग दोरी वळत बसला होता, मान खाली. तिनं डोंगराकडं तोंड केलं आणि एकदा हाक दिली.

काही हललं नाही. उतारावर ऊन थरथरत होतं. बोराटीच्या आड भुरीची पाठ दिसत होती आणि ती पाठ तशीच राहिली.

"परत दे की," सुरज कुजबुजला. "ऐकलं नसंल."

"ऐकलंय."

"मोठ्यानं दे."

तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिच्याच घशात दुसरी हाक येऊन बसली होती. गिळली की पुन्हा वर येत होती. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली, मग तेही थांबवलं. शेवटी डोंगराकडं पाठ केली आणि सुरजच्या तोंडावरचा हात न काढता आजी बसायची त्या दगडावर बसली. मागं काय चाललंय ते दिसत नव्हतं, त्यामुळं मिनिटं आणखीच लांबली. बबिताच्या चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून तिनं पाहिलं, तर बबितानं मुद्दाम डोळे मिटून घेतले होते.

मग एक खडा घरंगळला. लांबून घंटा वाजली, थांबली, पुन्हा वाजली. त्या धावत येत नव्हत्या. एकेक पाऊल टाकत, मध्येच थांबून खाली बघत येत होत्या. पहिली पाट पाण्याला लागली तशी तिच्यामागच्या चार पुढं सरकल्या, आणि मग गर्दी झाली. मोठी घंटा सगळ्यांत शेवटी आली. ती शिवकन्येच्या पाठीमागं बराच वेळ गप्प राहिली. मग पाणी ओढल्याचा आवाज झाला.

शिवकन्येनं वळून पाहिलं नाही. तिचे डोळे भरले होते.

बाजेवरचा बजरंग उठला. दोरी खांद्यावर टाकून तो परमेश्वरच्या घराकडं निघाला. जाता जाता म्हणाला, "त्याला सांगून येतो, यंदा तू न्हाई आलास तरी चालंल."

सुरजनं तिचा हात तोंडावरून बाजूला केला. "आता बोलू का?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई," शिवकन्या म्हणाली. "त्यांचं पिऊन हुऊ दे."