माझ्या तोंडावरची चिकटपट्टी

मी एक जुना मॉनिटर आहे. वर्गातला नव्हे, ऑपरेशनच्या खोलीतला. आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलंय.

मुलांच्या मेंदूचं, मणक्याचं ऑपरेशन चालतं तेव्हा त्यांच्या नसांवर मी पहारा देतो. मूल गाढ झोपलेलं; पाय हलतोय का, हे त्याला विचारणार कोण? मी विचारतो. डोक्याला लावलेल्या वायरीतून विजेची टिचकी मारायची आणि पायाचा स्नायू उत्तर देतोय का, ते पडद्यावर रेघेने दाखवायचं. रेघ उसळली की नस ठीक. रेघ झोपली की मी बोंब मारतो.

नवा होतो तेव्हा काय कौतुक! मोठे डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे. मग माझा आवाज त्यांना खुपू लागला. रक्त थांबवायचं विजेचं हत्यार चाललं की मी उगाच खरखरतो, हे खरं. म्हणून माझ्या स्पीकरवर चक्क चिकटपट्टी लावली. राखणदार ठेवायचा आणि त्याचंच तोंड बांधायचं! वा रे शहाणे!

परवा नऊ वर्षांची एक मुलगी आली. पाठ वाकडी, जीभ तिखट. माझ्या वायरी लावणाऱ्या ताईंना म्हणाली, "मला दोरीवरच्या उड्या मारायच्यात. पाय बिघडवलात तर बघा!"

मणका सरळ करायला डॉक्टरांनी त्याला बसवलेली सळई वळवली आणि डाव्या पायाची रेघ झोपली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पट्टीतून निघाली नुसती कुजबुज. नशीब, ताईंची नजर पडद्यावर होती.

"सर, थांबा. डावा पाय उत्तर देत नाहीये."

"वायर निघाली असेल. जुनं खोकं ते!"

खोकं? माझा नुसता तिळपापड झाला! ताई चादरीखाली वाकल्या, पायात टोचलेली वायरीची एकेक सुई तपासली. "सगळं जागच्या जागी आहे. सळई सोडा, सर. आत्ता."

डॉक्टरांनी सळई सैल केली. एक मिनिट गेलं, दोन गेली, सात गेली. मग रेघ थरथरली, आणि उसळली.

जागी होताच मुलीने डाव्या पायाचा अंगठा हलवून दाखवला. तिच्या आईने डॉक्टरांचे हात धरले. माझं नाव कुणी घेतलं नाही. नका घेऊ.

पण पट्टी अजून तशीच आहे. उद्या सकाळी सहा वर्षांचं एक पोर टेबलावर येतंय, आणि ताईंची रजा आहे. मित्रांनो, मला पुसू नका, मिरवू नका. आधी ती पट्टी काढा!