पाजण्याच्या वेळची भूमिती

आन्सेल्मने बायकोच्या हातातलं भूमितीचं पुस्तक काढून घेतलं, तेव्हा तान्ही अदेल तिच्या अंगावर पीत होती.

“डॉक्टर काय म्हणाले? बाईनं डोकं चालवलं की दूध आटतं.”

“बरं,” सेराफीन म्हणाली आणि तिने भरतकाम पुढे ओढलं.

अदेलने पिणं सोडून टाहो फोडला.

फ्रान्समधल्या दिजों शहराच्या विद्वत्सभेत रविवारी आन्सेल्म ‘मातेचे कर्तव्य’ या विषयावर निबंध वाचणार होता. आईनेच मुलाला पाजावं, दाईकडे धाडू नये, आणि बुद्धीची कामं पुरुषांवर सोपवावीत, असं त्याचं ठाम मत होतं. शेजारच्या खोलीत तो दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचला. पुढे रडणं काही सुचू देईना. कागद हातात घेऊनच तो परत आला आणि त्याने अंगाई म्हणून पाहिली. अदेल आणखीच किंचाळू लागली.

“हिला झालंय तरी काय?”

“रोज मी मोठ्यानं वाचते, ही ऐकत पिते. आज वाचन नाही.”

“मग मी वाचतो. माझ्या वाचण्यानं काही दूध आटत नाही.”

त्याने घसा खाकरून भूमिती वाचायला घेतली. अदेलने दोन हुंदके दिले आणि ती प्यायला लागली. तो खूश झाला. पण जरा पुढे जाऊन अडला.

“‘म्हणून हे दोन कोन सारखे.’ का म्हणून?”

सेराफीन टाके घालत राहिली.

“तुला येतं?”

“येतं. पण सांगायचं तर डोकं चालवावं लागेल.”

अदेलने ओठ काढले. आन्सेल्मने उठून दार लोटलं.

“सांग. हळू सांग.”

“मीही वडिलांना ‘का’ विचारलं होतं. म्हणाले, मुलींनी असलं विचारू नये.”

“मग?”

“मग मी लग्नाच्या पेटीत वर झगे रचले आणि तळाशी त्यांचं पुस्तक.”

तिने अदेलला उचलून त्याच्या खांद्यावर दिलं, शेगडीतला विझलेला कोळसा घेतला आणि त्याच्या निबंधाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्रिकोण काढला.

“पाठ थोपटत ऐका. ढेकर यायचाय तिला.”

तो फेऱ्या मारत ऐकू लागला. अदेलने त्याच्या मखमली कोटावर भरपूर दूध ओकलं. तो थांबला नाही.

“ही तिसरी रेघ कुठून आली,” तो म्हणाला, “ते परत एकदा सांग.”