अकरा वर्षांतली पहिली रजा

अकरा वर्षांत मी एकही रजा घेतली नव्हती. सक्करदऱ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत हे मी सगळ्यांना ऐकवत असे, कोणी विचारलं नाही तरीही.

एकोणसत्तर सालच्या जानेवारीत शाळेत फ्ल्यू शिरला. नेमकं त्याच वर्षी आमचं लेझीम पथक सव्वीस जानेवारीला कस्तुरचंद पार्कवर खेळायला निवडलं गेलं होतं. पथकातल्या सगळ्या पोरी माझ्याच सातवीतल्या, मीच तयार केलेल्या. हेडमास्तर वामनरावांनी मला बोलावून बजावलं, "वच्छलाबाई, वीस तारखेच्या सोमवारी तुमच्या वर्गात दहाच्या वर गैरहजर निघाल्या, तर पथक जाणार नाही. आजारी पोरी थंडीत उभ्या करायचं पाप मले नाही पाहिजे."

मी पेटलेच. आमच्या शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाचा आपला इलाज होता. शिवण शिकवणाऱ्या रंभाबाईंच्या गळ्यात कापराची पुरचुंडी, देवाजी गुरुजींच्या खिशात कांदा. असल्या प्रकारांनी माझं डोकं फिरतं. मी फळ्यावर नियम लिहिले. खिडक्या उघड्या. माठावरचा एकच पेला बंद, पाणी ओगराळ्याने ओंजळीत. शिंकताना रुमाल, आणि तो पिनेने छातीशी टाचलेला. या सगळ्यांच्या वर पहिला नियम: ज्याला ताप-खोकला, त्याने घरी राहावं. मधल्या सुट्टीत दोनशे पोरी मैदानात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या तेव्हा रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून बघायचे. मला फार मजा वाटायची.

बाकीच्या वर्गांतला गैरहजरांचा आकडा उतरला. माझ्या सातवीचा चढत गेला. सहा, नऊ, तेरा.

बुधवारी मी वर्गात वह्या तपासत होते. खोकला येत होता, पण तो खडूचा. डोळे जळत होते, ते जागरणाने. असं मी शनिवारीच ठरवून टाकलं होतं. जिभेला बोट लावून पानं उलटली, सही केली आणि वही पहिल्या बाकावरच्या मनकर्णाच्या पुढे धरली. ती घेईना.

"काहून वं? घे ना!"

"बाई, राग नका मानू," ती उभी राहून म्हणाली. "तुम्ही शनिवारपासून खोकलून राहिल्या. ज्यायच्या वह्या तपासल्या, त्याच घरी झोपल्या. पहिला नियम बाईले लागू नाही का?"

मी तिला चांगलं फैलावर घेणार होते. तोंड उघडलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की टेबल धरावं लागलं. सगळ्या वर्गाला उत्तर मिळालं. मला इतकी लाज वाटली की ताप त्यामानाने काहीच नव्हता.

अर्ज वाचून वामनरावांनी चष्मा काढला. "तुम्ही? रजा?"

"लवकर सही करा, नाहीतर माझा विचार बदलेल."

"अन् लेझीम?"

"रंभाबाई घेतील."

माझं घर मैदानाला लागूनच. गुरुवारी अंथरुणात पडल्या पडल्या सराव ऐकला आणि जीव कासावीस झाला. रंभाबाई बिचाऱ्या शिट्टी वाजवत होत्या, पण चौथा ठोका दरवेळी घसरत होता. शुक्रवारी राहवेना. शाल गुंडाळली, स्टीलचं ताट आणि उलथनं घेतलं, गच्चीवर गेले आणि ठोका धरला. खाली पोरी थबकल्या, वर बघितलं आणि असा काही गलका केला की रंभाबाईंची शिट्टी गळून पडली. माझ्यापासून त्या चांगल्या साठ-सत्तर हात लांब होत्या. इतक्या लांबून पहिला नियम मोडत नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

सोमवारी मी ताट बडवत असताना वामनराव हजेरी घेऊन मैदानात आले. सगळं थांबलं. माझा हात वरच राहिला. त्यांनी मान वर करून ओरडून सांगितलं, "बाई, सातच! न्या पथक!"

मी उलथनं उंचावलं, आणि आनंदाच्या भरात मला सणसणीत शिंक आली.

खालून सातवीच्या सगळ्या पोरींनी छातीवरचे रुमाल ओढून काढले आणि मला दाखवले. वामनरावांनीही स्वतःचा काढला.